छाती त्रेसष्ट

दाजींच्या घरी आलेल्या पाहुण्याला खोक्यावर बसावं लागे. खुर्च्या नव्हत्या असं नाही, पण खुर्च्यांवरही खोकीच होती. त्या खोक्यांत पेजर होते. एके काळी ज्यांच्या पट्ट्याला पेजर अडकवलेला असे ती माणसं रस्त्यानं पोट जरा पुढे काढूनच चालत. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि त्या पोटांची ऐट उतरली. दाजी ज्या कंपनीत पेजर दुरुस्त करत ती बंद झाली, तेव्हा साहेब म्हणाले, हा सगळा माल भंगारात घाला. दाजींनी मान डोलावली, टेम्पो बोलावला आणि सगळा माल घरी आणला. रस्त्यावरची मांजरं उचलून घरी आणणारी माणसं असतात, दाजी त्यांच्यातलेच. फक्त त्यांची मांजरं म्यांव करत नव्हती, नुसती थरथरत होती.

"घरचं झालं थोडं आणि कंपनीनं धाडलं घोडं," बायको म्हणाली.

"टाकून द्यायला काय लागतं? अक्कल लागते ती उपयोग शोधायला," दाजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची अक्कल घरभर फिरू लागली.

पहिल्यांदा त्यांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पेजर जोडला. टाकी भरली की स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पेजर थरथरायचा. यंत्रात खोट काहीच नव्हती. पण थरथरत थरथरत ते फळीच्या कडेला यायचं आणि खालच्या पातेल्यात उडी घ्यायचं. मग त्यांनी गजर म्हणून एक पेजर उशीखाली ठेवला. दाजी गाढ झोपून राहिले आणि बायको भूकंप झाला म्हणून अनवाणी जिन्यापर्यंत पळाली. त्यानंतर दुखऱ्या गुडघ्याला त्यांनी फडक्यानं चार पेजर बांधले आणि चारही एकदम वाजवले. "फरक पडला का?" बायकोनं विचारलं. "गुडघ्याला नाही," दाजी जमिनीवरून म्हणाले, कारण तोवर ते तिथे पोचले होते.

एरवी एवढ्यात खोक्यांसकट दाजीही बाहेर गेले असते. पण बायकोचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. तिचं माहेर मोडायला आलं होतं.

माहेर म्हणजे शिंप्याचं दुकान. आईवडील गेल्यावर तिला माहेर उरलं होतं ते एवढंच: खाली थोरला भाऊ, वर धाकटा भाऊ आणि मध्ये अरुंद लाकडी जिना. थोरला खाली गिऱ्हाइकाचं माप घेई. त्याच्या गळ्यात टेप असे, मनगटाला टाचण्यांची उशी असे, आणि तरीही टाचण्या तोंडातच धरलेल्या असत. ही खोड वडिलोपार्जित. धाकटा पोटमाळ्यावर लांबलचक टेबलाशी उभा राहून कापड कापी. थोरला खालून ओरडे, "छाती अडतीस! कंबर चौतीस!" वरून धाकटा ओरडे, "अडतीस, चौतीस!" आणि खडूनं कापडावर आकडे टाकी. वर्षानुवर्षं दुकान असं आरडाओरड्यावर चाललं होतं, आणि कुणाचं पोट किती सुटलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक असे.

घात केला तो मुख्याध्यापकांच्या कोटानं. थोरल्यानं खालून "बेचाळीस" सांगितलं, धाकट्यानं वर "चाळीस" ऐकलं. बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी मुलांना शांत करायला दोन्ही हात वर केले आणि कोट पाठीत वरपासून खालपर्यंत उसवला. मुलांनी अशा टाळ्या वाजवल्या की बक्षीस मिळालेल्यांनाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या.

"मी बेचाळीसच म्हणालो होतो," थोरला म्हणाला.

"तुझ्या तोंडातल्या टाचण्यांनी 'बे' गिळला," धाकटा म्हणाला.

"माझ्या तोंडात टाचण्या असतील, तुझ्या कानात बोळे आहेत."

टाचण्यांवरून बोळ्यांवर, बोळ्यांवरून लहानपणच्या एका पतंगावर, पतंगावरून आईचं जास्त प्रेम कुणावर होतं त्यावर. भांडणाला काय, उतार मिळाला की पुरे. दुसऱ्या दिवसापासून दोघांत अबोला. गंमत म्हणजे दोघांच्या बायका शेजारी शेजारी बसून भाजी निवडत आणि नवऱ्यांना हसत होत्या. पण दुकानात हसायची सोय नव्हती. मापं वर पोचवायची कशी? मग बहीण रोज दुपारी जाऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसू लागली. खालचा आकडा वर सांगायचा, वरचा प्रश्न खाली.

आकड्यांबरोबर बाकीचंही येई. "त्या दीडशहाण्याला सांग, बाही नीट काप," थोरला म्हणे. ती वर तोंड करून सांगे, "दादा विचारतोय, चहा घेणार का?" वरून उत्तर येई, "त्याला म्हणावं, माझं काम मला शिकवू नकोस." ती खाली सांगे, "हो म्हणतोय, साखर कमी." त्यामुळे अबोला असला तरी चहा वेळेवर वर जात होता.

पण असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी ती घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या खोक्यावर बसली ती बसलीच.

"दादानं ठरवलं," ती म्हणाली. "म्हणतो, एक घाव दोन तुकडे. खालचं त्याचं, वरचं धाकट्याचं. जिन्याच्या तोंडाला फळ्या ठोकून टाकायच्या, आणि धाकट्यानं मागच्या अंगाला लोखंडी जिना लावून घ्यायचा. बाबांनी आणून ठेवलेला तो निळा लोकरी तागा आहे ना, तोसुद्धा मधोमध कापणार आहेत."

"त्याला तर कुणी हात लावायचा नव्हता."

"हो ना. कधीतरी तसंच मोठं काम आलं तर काढू, असं म्हणत म्हणत बाबा गेले." तिनं डोळे पुसले. "अहो, मग मी माहेरी जायचं कुठे? फळ्यांवर टकटक करू?"

दाजी तसे हसतमुख माणूस, पण बायको रडली की त्यांचं हसू मावळे. ती मात्र बोलत राहिली, कारण बोलायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"लहानपणी हे दोघं भांडले की बाबा कापायच्या टेबलावर खडूनं छत्तीस काढायचे. म्हणायचे, बघा, तीन इकडे तोंड करून बसलाय, सहा तिकडे. मग त्याच्याखाली त्रेसष्ट काढायचे. तेच दोघं, नुसती जागा बदलली की तोंडाला तोंड. चला, जागा बदला आणि जेवायला बसा. आणि दोघं मुकाट्यानं पाटांची अदलाबदल करून बसायचे हो!"

दाजी तिच्याकडे बघत होते. मग ती बसली होती त्या खोक्याकडे बघू लागले.

"अगं," ते म्हणाले, "जरा ऊठ."

खोक्यात वर पेजर होते आणि तळाशी मेसेज पाठवायचे दोन डबे. पूर्वी मोठ्या हॉटेलांत नि दवाखान्यांत असे डबे टेबलावर असत: आकड्यांची बटणं, वर बोटभर एरियल. एका इमारतीपुरतं काम करायचे. पेजरही सगळ्यात जुन्या जातीचे, अक्षरं दाखवायची ऐपत नाही, नुसते आकडे. म्हणूनच कंपनीत त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण शिंप्याला अक्षरं हवीत कशाला?

दुसऱ्या दिवशी दाजींनी एक डबा खाली काउंटरवर बसवला, एक वर टेबलावर, आणि दोन्ही मेव्हण्यांच्या पट्ट्यांना एकेक पेजर अडकवला. ठरलं असं: थोरल्यानं माप घेत घेत एकेक आकडा पाठवायचा. पहिली नेहमी छाती, मग कंबर, मग सीट, खांदा, बाही, कॉलर. "यात 'बे' गिळला जात नाही," दाजी म्हणाले.

यंत्र असं चाललं की दाजींना स्वतःलाच दृष्ट लागेल असं वाटलं. थोरला टेप लावी, बटणं दाबी, वर धाकट्याच्या कमरेला कंप सुटे, खडू चाले, कात्री चाले. कोट अंगावर असे बसू लागले की गिऱ्हाईक आरशासमोरून हलेना. थोरल्यानं फळ्यांचं काम पुढे ढकललं. "चालतंय तोवर चालू दे," तो म्हणाला. दाजी छाती काढून गल्लीतून चालू लागले. टेप लावला असता तर दोन इंच जास्तच भरली असती.

बायको मात्र दुकानातून रोज तोंड पाडून येई. शेवटी दाजींनीच विचारलं, "आता काय झालं? माहेर वाचलं ना तुझं?"

"वाचलं?" ती म्हणाली. "आज मी दुकानात अख्खी दुपार बसले. एक शब्द नाही. वर गुर्रर्र, खाली गुर्रर्र. पूर्वी निदान माझ्यातून तरी बोलत होते. शिव्या का होईना, एकमेकांच्या कानावर जाईल असा आवाज तरी काढायचे. आता चहासुद्धा वर जात नाही, कारण चहाचं माप नसतं. तुम्ही अबोला मोडायला गेलात आणि त्याला पक्की शिलाई मारून आलात."

दाजींची पुढे आलेली छाती जागच्या जागी बसली. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या बायकोपुढे माणसानं पाणी प्यायला उठावं, तसे ते उठले.

पुढचं जे झालं त्यात मात्र दाजींचा दोष नव्हता. एक काटकुळा गिऱ्हाईक आला. थोरल्यानं त्याच्या छातीला टेप लावला आणि आकडा पाठवला: छत्तीस. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि तो "एक मिनिट" म्हणून रस्त्यावर गेला तो बोलतच राहिला. वर धाकटा खडू घेऊन उभा. छत्तीस आला, पुढे काही येईना. कंबर नाही, सीट नाही. नुसता छत्तीस. तो त्या आकड्याकडे जसजसा बघत गेला तसतसा तो आकडा त्याच्याकडे बघू लागला.

"असं काय?" धाकटा स्वतःशी म्हणाला. "छत्तीसचा आकडा? ठीक आहे." आणि त्यानं खाली पाठवलं: चारशेवीस.

थोरल्यानं पट्ट्याकडे पाहिलं. आधी त्याला वाटलं, कसलं माप विचारतोय हा? चारशेवीस इंच हत्तीलाही लागणार नाहीत. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि कान लाल झाले. त्यानं दातओठ खाऊन बारा पाठवला, म्हणजे तुझे बारा वाजलेत. वरून तीन-तेरा आला. खालून चौदा गेला, म्हणजे चौदावं रत्न दाखवू का? वरून पाच आला, म्हणजे बघ, माझी पाचावर धारण बसली, हा हा. पडद्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे होते, पण राग अगदी घरच्या वळणाचा. गिऱ्हाईक फोन संपवून परत आला तेव्हा थोरल्याची कंबर सारखी थरथरत होती आणि हा माणूस आजारी आहे की काय असं वाटून तो बिचारा उद्या येतो म्हणाला.

त्यानंतर मापांत शिव्या आणि शिव्यांत मापं असा काला झाला. पंधरा म्हणजे कॉलर की दीडशहाणा? बत्तीस म्हणजे कंबर की बत्तीशी पाडीन? एका वकिलांच्या मापात चौदावं रत्न घुसलं आणि धाकट्यानं ते बाहीला लावलं. वकिलांनी कोट चढवून हात पुढे केले तर बाह्या कोपराशीच थांबलेल्या. ते आरशात स्वतःकडे आणि मग थोरल्याकडे असे बघत राहिले, की थोरल्यानं त्यांच्या देखतच सुताराला फोन लावला. येत्या रविवारी फळ्या घेऊन ये.

बायकोनं ऐकलं, पण रडली नाही. ती उठून खोकी एकावर एक रचू लागली.

"हे काय करतेस?" दाजी म्हणाले.

"रविवारी माझं माहेर निघतंय. त्याच दिवशी तुमचीही खोकी निघू देत. रिकामं घर एकदाच बघते."

दाजींना खोक्यांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते तिनं ती इतकी व्यवस्थित रचली म्हणून. चिडून आदळली असती तर बरं वाटलं असतं. ते तडक दुकानात गेले, आधी खाली थोरल्यासमोर आणि मग वर धाकट्यासमोर हात जोडून उभे राहिले. रविवारपर्यंत हातातली कामं तरी निस्तरा. यंत्रावर यापुढे फक्त मापं. बारा नाही, चौदा नाही, चारशेवीस नाही. आकडा आला की तो इंचच समजायचा. दोघांनी आपापल्या मजल्यावर शपथ घेतली, आणि शनिवारपर्यंत दोघांनी ती पाळली.

रविवारी सकाळी सुतार आला. जाडजूड, निवांत माणूस. त्यानं फळ्या भिंतीला टेकवल्या, जिन्याच्या तोंडाचं माप घेतलं, मग पायरीवर बसून वर बघितलं.

"वरच्यांना विचारलंय ना?" तो म्हणाला. "नाही, एकदा ठोकलं की ठोकलं. मग म्हणू नका."

थोरला फळ्या मोजू लागला. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. दाजी फळीचं दुसरं टोक धरायला म्हणून आले होते, बायको काउंटरमागे स्टुलावर बसली होती. ती भावाकडे बघत नव्हती, जिन्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पाटावर एकटीच जेवायला बसलेल्या मुलीसारखा झाला होता. थोरल्यानं तो चेहरा पाहिला. मग तो उगाचच डब्यापाशी गेला, उगाचच फडक्यानं डबा पुसला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून दोन बटणं दाबली. सहा. तीन.

दाजींचं लक्ष होतं. त्यांचा जीव एकदम हलका झाला. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण अशा वेळी तिसऱ्यानं तोंड उघडू नये एवढं संसारानं त्यांना शिकवलं होतं. ते फळी धरून वरच्या आवाजाची वाट बघू लागले.

वर कंप सुटल्याचा गुर्रर्र ऐकू आला. मग तागा टेबलावर धाडकन उलगडल्याचा आवाज. आणि मग कात्री.

थोरल्यानं कान टवकारले. चाळीस वर्षं कापडात गेलेला माणूस, कात्रीच्या आवाजावरून त्याला कापड कळे. ही कात्री जाड लोकरीतून चालली होती, सावकाश, खोल. अशी लोकर दुकानात एकच होती.

"तागा कापतोय," तो टाचण्यांमधून म्हणाला. "बाबांचा तागा. मी त्रेसष्ट पाठवला, आणि हा आपला वाटा कापून घेतोय." मग त्यानं सुताराकडे पाहून मान हलवली. "ठोका."

सुतार निवांत होता म्हणून बरं. त्यानं फळ्या कापल्या, रंधा मारला, डबा उघडून जेवला, हात धुतले. दुपार कलायला लागली तेव्हा कुठे त्यानं पहिली फळी उचलली. आणि तेव्हा दाजींची बायको उठली, जिन्याच्या मधल्या पायरीवर, जिथून ती मापं सांगायची तिथे, जाऊन बसली.

"ठोका की," ती सुताराला म्हणाली. "मला आत धरून ठोका. मग माझं माहेर कायमचं पक्कं."

सुतारानं फळी खाली ठेवली. बायकांना आत धरून फळ्या ठोकायचं काम तो घेत नसे, असं तो म्हणाला.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. धाकटा जिन्याच्या वरच्या टोकाला आला. त्याच्या दोन्ही हातांवर निळा कोट होता, कच्च्या टाक्यांचा, ट्रायलसाठी जोडलेला. कोट म्हणायचं ते रिवाज म्हणून. खाटेवर अंथरला असता तर चारही बाजूंनी लोंबला असता.

"ताई, त्याला विचार," धाकटा थोरल्याकडे न बघता म्हणाला, "हा गिऱ्हाईक आहे तरी कोण? छाती त्रेसष्ट! एवढी छाती मी जन्मात कापली नाही. साध्या ताग्यात बसेना, म्हणून बाबांचा काढला. म्हटलं, बाबा म्हणायचे तेच हे मोठं काम. आणि पुढे कंबर नाही, बाही नाही, काही नाही. सकाळपासून वाट बघतोय. बाकीचं मी आपलं अंदाजानं धरलंय, पण त्याला सांग, असं अर्धं माप पाठवायचं नाही."

दाजींनी कपाळावर हात मारला. आकडा आला की इंचच समजायचा! ही शपथ त्यांनीच घातली होती.

"बाबांचा तागा तू विचारल्याशिवाय कापलास?" थोरला ओरडला. आणि हे तो बहिणीला ओरडला नव्हता.

"माप तूच पाठवलंस!" धाकटाही सरळ त्यालाच म्हणाला.

"ते माप नव्हतं!"

"मग काय होतं?"

थोरला काहीतरी म्हणाला. तोंडातल्या टाचण्यांमुळे कुणालाच कळलं नाही.

"बघ," धाकटा म्हणाला. "बघ, ताई. मी सांगत होतो. 'बे' असाच गिळला होता यानं."

थोरल्यानं तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटची टाचणी खोचून झाल्यावर त्यानं ओठ पुसले, आणि शाळेत पाढा म्हणावा तसं स्वच्छ, सुटं सुटं म्हणाला:

"त्रे-सष्ट."

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. मग हातांवरच्या कोटाकडे पाहिलं. मग पुन्हा थोरल्याकडे. बहिणीनं जिन्यात बाजूला सरकून वाट करून दिली आणि तो एकेक पायरी खाली आला.

"घालून बघ मग," तो कसाबसा म्हणाला. "कोट ज्यानं सांगितला त्यानं ट्रायल द्यायची."

थोरल्यानं मुकाट्यानं हात बाह्यांत घातले. कोट त्याच्या अंगावर आला आणि उरलेला जमिनीवर पडला. पण कटर तो कटर. ढगळ कोट समोर दिसल्यावर धाकट्याला राहवेना. "किती जास्त होतंय बघू," म्हणत तो अगदी समोर उभा राहिला, कोटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ओढून आणल्या त्या थेट स्वतःच्या पाठीमागे. कडा पाठीवर एकमेकींना टेकल्या. बहीण उठली, तिनं बाही मागे सारून थोरल्याच्या मनगटावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि धाकट्याच्या पाठीवर तो कोट वरपासून खालपर्यंत टाचून टाकला.

दोघे भाऊ आत. तोंडाला तोंड. नाकाला नाक लागेल इतकं जवळ.

"छाती बरोबर आहे," ती म्हणाली. "दोघांची मिळून." आणि मग तिला इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं, हसूही त्यातच आलं, आणि कुठलं कुठलं ते तिलाही कळेना.

दाजी हळूच काउंटरमागे गेले. शपथ त्यांनीच घातली होती, आता त्यांनीच मोडली. त्यांनी एकामागून एक दोन्ही पेजरना एकच आकडा पाठवला. कोटाच्या आत दोन पोटांच्या मध्ये गुर्रर्र सुरू झालं, आणि आधीच भरून आलेले ते दोघे गुदगुल्यांनी जागच्या जागी नाचू लागले.

"काय आलंय? वाच की," थोरला म्हणाला.

"हात आत अडकलाय. तू वाच."

"माझा बाहेर आहे, पण पेजर आत आहे ना!"

"सोळा आहे, सोळा," दाजी काउंटरमागून म्हणाले. "सोळा आणे!"

हसता हसता कोट पाठीच्या शिवणीत टर्रकन उसवला.

"तुझा टाका नेहमीच कच्चा," थोरला धाकट्याला म्हणाला.

"ट्रायलचा कच्चाच असतो," धाकटा म्हणाला. "पक्का नंतर मारतात. वर चहा पाठव आधी."

सुतार एवढा वेळ फळीवर हनुवटी टेकवून बघत होता. आता तो खाकरला. फळ्या कापून झाल्या होत्या, रंधा मारून झाला होता, आणि केलेलं काम परत न्यायची त्याला सवय नव्हती. "ह्यांचं काय करू?" त्यानं विचारलं.

दाजींच्या बायकोनं डोळे पुसले, फळ्यांवरून हात फिरवला आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"आमच्या घरी न्या," ती म्हणाली. "भिंतीला चांगली मांडणी ठोकून द्या. ह्यांची खोकी ठेवायची आहेत. आणि खुर्च्या मोकळ्या करा. पुढच्या रविवारी माझे भाऊ जेवायला यायचेत."